पुण्याच्या जागेवर जोह्याचा पाट

मुलगी बारावीत होती. एका दुपारी तिनं कारखान्यात जाहीर केलं, की आपल्याला आंतरराष्ट्रीय अभ्यास शिकायचाय. आमचा कारखाना गणपतीचा. पेणजवळ जोह्याला पुढं कारखाना आणि मागं घर, त्यामुळे आमच्या कुटुंबातली सगळी जाहीर निवेदनं बाप्पाच्या साक्षीनंच होतात. समोर बिनडोळ्यांच्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या होत्या. मी बारीक ब्रश घेऊन त्यांचे डोळे आखत होते आणि आमचे हे साच्यातून एक सोंड सोडवत होते. यांनी आधी सोंड सुखरूप बाहेर काढली.

मग हे म्हणाले, "देशादेशांचं शिकनार? दोन घरं सोडून तिसऱ्या घराशी आपली बोलचाल बंद हाय, ते आधी जुळव म्हनावं."

एखादी गोष्ट नक्की काय असते, हे विचारण्यात वेळ घालवायची आमच्या घरात पद्धत नाही. आम्ही थेट मत देतो. माझी नणंद रोह्याला असते, तिचे यजमान तिकडं कंपनीत आहेत. तिला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "काय गो वहिनी, म्हंजे विमानात चहा देतात, तेच ना? उंची पुरंल का हिची?" गावातल्या एका दिरानं ती पासपोर्टच्या ऑफिसात लागणार, असं परस्पर ठरवून आपल्या पासपोर्टचे फोटोही काढून ठेवले. मुलगी प्रत्येकाला न चिडता समजावून सांगायची. देश एकमेकांशी करार कसे करतात, भांडतात कसे, माल आणि माणसं सीमेपलीकडं कोणत्या नियमानं जातात. लोक मन लावून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "पन नोकरी कंची?"

हे खूळ तिच्या डोक्यात आलं कुठून, याचा शोध घ्यायला फार लांब जावं लागत नाही. ते यांनीच घातलं. आमच्याकडं परदेशी जाणाऱ्या मूर्ती उन्हाळ्यातच निघतात. खोक्यात पेंढा, पेंढ्यात बाप्पा, आणि खोक्यावर पत्ता. अक्षर चांगलं म्हणून पत्ते लिहायचं काम मुलीकडं होतं. एका वर्षी कुठल्या तरी समुद्रात कुणाची तरी लढाई लागली, बोटी लांबच्या वाटेनं निघाल्या, आणि आमचे गणपती अनंत चतुर्दशी उलटल्यावर पोचले. तिकडच्या मंडळानं फोन करून विचारलं, आता यांचं काय करू? यांनी त्या समुद्राला, बोटीला आणि लढणाऱ्या दोन्ही पार्ट्यांना आगरी बोलीत जे काही म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही. मुलीनं मात्र नकाशा काढला. बोट कुठून वळली, का वळली, त्या लढाईशी आपलं देणंघेणं नसताना आपले गणपती का अडकले, हे ती आठवडाभर वाचत बसली. मला तेव्हा वाटलं, बरंय, मोबाईलवर वाचते तरी आहे.

तर आता कॉलेज निवडायचं होतं. मुलीनं आपल्या परीनं बघायला सुरुवात केली होती. कुठं कोणते विषय शिकवतात, इतिहास आणि अर्थशास्त्र बरोबर घेता येतं का, एखादी परदेशी भाषा आहे का, शिकवणारे कोण, ग्रंथालय केवढं. आमची बघण्याची तऱ्हा वेगळी. लग्नाचं स्थळ बघतात तसं आम्ही कॉलेज बघतो. माणसं ओळखीची आहेत का? घरापासून किती लांब? मुलगी आजारी पडली तर कोण धावून येईल? जेवणात मासे असतात का? या चार प्रश्नांची उत्तरं चांगली आली की आमच्या लेखी ते कॉलेज जगात पहिलं.

आणि या चारही प्रश्नांना रोह्याचं कॉलेज पुरून उरत होतं. पेणहून गाडी आहे. आत्या तिथंच राहते. तिचे यजमान शिफ्टला गेले की ती घरात एकटी, तिलाही सोबत. मासे तर विचारूच नका, नणंदेच्या दारात मासेवालीच थांबते. "आपल्या घरात ऱ्हाईल, माज्या डोळ्यासमोर ऱ्हाईल," नणंद म्हणाली.  तिला खरंच पोर हवी होती घरात. हे मला कळत होतं, आणि म्हणूनच तिच्याशी भांडता येत नव्हतं. उघड वाईट वागणारी नणंद असती तर काम किती सोपं झालं असतं!

पेणला रामवाडीत माझं माहेर. तिथं शेजारी एक भाभी आहेत. त्यांचे यजमान आखातात काम करून परतले, आता मुलगा गेलाय. एवढ्या सगळ्या माणसांत मुलीला नोकरी कुठली, असं न विचारणाऱ्या त्या एकट्या. त्यांनी वेगळंच विचारलं. म्हणाल्या, "माज्या पोराचा पासपोर्ट तिकडचा शेठ आपल्या कपाटात ठेवून घेतो. सुट्टी मागितली तर म्हनतो, बघू. असा दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवता येतो का, ह्ये तुज्या कॉलेजात शिकवतील का गो?"

मुलीनं तो प्रश्न मोबाईलवर टिपून घेतला. घरी येताना रिक्षात म्हणाली, "आई, मी प्रत्येक कॉलेजात हाच प्रश्न विचारणार. जिथं नीट उत्तर मिळेल, तिथं जायचं."

मी म्हटलं, झालं. आमचे चार प्रश्न होते, त्यात हा पाचवा.

कॉलेजं बघायला हे आमच्याबरोबर येण्याचा प्रश्नच नव्हता. उन्हाळा संपत आला की कारखानदार माणूस जोहं सोडत नाही, मग घरात कुणाचं लग्न असो की काही. यांनी आपल्या वतीनं नणंदेला नेमलं. म्हणजे निवड समितीत मी, मुलगी आणि जिचा निर्णय आधीच झालाय अशी एक सदस्य. अशा समित्या मोठमोठ्या ठिकाणीही असतात, असं मुलीनं मला नंतर सांगितलं.

पहिलं रोहा. कॉलेज साधं, स्वच्छ, झाडं छान. आम्हाला एका सरांसमोर बसवलं. सर सज्जन होते. मुलीनं विषयांचं विचारलं, तर म्हणाले राज्यशास्त्र आहे, त्यात एका पेपरात आंतरराष्ट्रीय संबंध येतात, परीक्षेला त्यातलं थोडंच विचारतात. मग तिनं भाभींचा प्रश्न विचारला. सरांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "हे अभ्यासक्रमात नाही." खरं बोलले बिचारे. नणंद बाहेर येऊन म्हणाली, "बघ, किती साधा मानूस. आपल्याला असाच पायजे."

दुसरं कॉलेज मुंबईच्या अंगाला. त्याची जाहिरात मुलीच्या मोबाईलवर सारखी यायची. फाटकातच एक भलामोठा पृथ्वीचा गोल फिरत होता आणि भोवती झेंडेच झेंडे. आत एसी इतका, की नणंदेनं पदर डोक्यावरून घेतला. तिथं आम्हाला शिकवणारं कुणी भेटलंच नाही. भेटली एक कोट घातलेली मुलगी, वयानं आमच्या मुलीपेक्षा जराशीच मोठी. तिनं आम्हाला कॉफी दिली, कॅम्पसचा व्हिडिओ दाखवला, आणि इथून मुलं परदेशी कशी जातात ते सांगितलं. फोटोत सगळी मुलं कुठल्या ना कुठल्या पुलावर उभी राहून हसत होती. मुलीनं तिलाही भाभींचा प्रश्न विचारला. ती गोड हसून म्हणाली, "आमच्या स्टुडंट्सना असे प्रॉब्लेम येत नाहीत."

हे मात्र तिनं शंभर टक्के खरं सांगितलं असणार. ज्यांचे पासपोर्ट कपाटात जातात, त्यांची मुलं त्या गोलाच्या आत येतच नाहीत. बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "कॉफी चांगली व्हती." निवड समितीचं त्या दिवशी प्रथमच एकमत झालं.

तिसरं पुण्याचं. इमारत जुनी, जिने अंधारे, संडासाला कडी नाही, हे नणंदेनं लगेच टिपून ठेवलं. पुण्याच्या लोकांबद्दल आमच्या रायगडात जे बोललं जातं, ते सगळं खरं ठरवायचं असा विडा उचललेला शिपाई दारात होता. "वेळ घेतलीय का?" "नाय." "मग बसा." आम्ही बसलो. खूप वेळानं एक बाई आल्या, हातात डबा आणि पुस्तकं. त्या तिथल्या प्राध्यापक. मुलीनं उभ्या उभ्याच प्रश्न टाकला. बाई चालता चालता थांबल्या. डबा बाकावर ठेवला.

"हा प्रश्न कुणाचाय?" त्यांनी विचारलं.

"रामवाडीतल्या भाभींचा."

बाई बाकावर बसल्या आणि बोलायला लागल्या. मालकानं कामाच्या परवान्यानं कामगाराला कसं बांधून ठेवलेलं असतं, कोणत्या देशात कायदा आहे पण कुणी पाळत नाही, आपल्या सरकारला त्यात काय करता येतं, वकिलातीत कुणाकडं जायचं. मधेच म्हणाल्या, "याच्या पुढचं मलाही नीट माहीत नाही. तू शोधून काढ आणि मला सांग." मुलीचा चेहरा असा उजळला, की मी दुसरीकडं बघायला लागले. नाहीतर रडले असते तिथंच, त्या कडी नसलेल्या संडासासमोर. बाईंचा डबा तसाच राहिला. मीही त्यांना जेवा म्हणाले नाही.

परतताना नणंदेनं खिडकीशी जागा धरली. मग घाटात म्हणाली, "बाई हुशार हाय. पन पोरीला बस म्हनाली नाय. शेवटपर्यंत उभीच ऱ्हायली आपली पोर."

मुलीनं पुण्याची प्रवेश परीक्षा दिली, बारावीचा निकाल लागला, आणि एका सकाळी पुण्याच्या यादीत तिचं नाव आलं. मी चुलीवरचं दूध तसंच सोडून कारखान्यात धावले. हे एका मूर्तीच्या पोटावर हात फिरवून तडा कुठं आहे ते बघत होते. त्यांनी बातमी ऐकली, हात थांबला. आनंद झाला त्यांना, दिसला मला. पण लगेच तो त्यांनी हात पुसतात तसा पुसला.

"नाय जमनार," म्हणाले. "रोह्याला शब्द दिलाय."

आता इथं आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर हे प्रकरण कळायचं नाही. आमच्या आसपासची गिऱ्हाइकं गणपती सांगायला येतात ती घरचा पाट घेऊन येतात. लाकडी पाट, मागं तेलरंगात घराण्याचं नाव. तो पाट कारखान्यात ठेवला, की मूर्ती ठरली. पावती नाही, सही नाही, काही नाही. नंतर कुणी मोठं मंडळ येऊन त्याच मूर्तीवर बोट ठेवून दुप्पट देतो म्हणालं, तरी आमचे हे म्हणणार, "पाट लागलाय." विषय संपला. गिऱ्हाइकाला कारखाना बदलायचा असेल, तर त्यानं फोन करून चालत नाही. स्वतः यायचं, नारळ ठेवायचा, आणि आपला पाट उचलून न्यायचा. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून असंच चालत आलंय. या रीतीनं आमचं बरंच नुकसान केलंय, पण त्याबद्दल कुणी बोललेलं यांना चालत नाही.

तर रोह्याचे एक शेठ आहेत. त्या कॉलेजच्या संस्थेत मोठ्या पदावर. त्यांचा पाट आमच्याकडं सगळ्यांच्या आधी येतो, पावसाच्याही आधी. यंदा पाट द्यायला ते स्वतः आले होते, चहा प्याले, मूर्ती फिरून बघितल्या. तेव्हा यांनी मला न विचारता, मुलीला न विचारता, आणि बारावीचा निकाल लागायच्याही आधी त्यांना सांगून टाकलं, "शेठ, आमच्या पोरीची जागा तेवढी धरून ठेवा." शेठ म्हणाले, "धरली समजा." झालं! या माणसाच्या दृष्टीनं पोरीचा पाट रोह्याला लागला. आता तो हलवायचा म्हणजे इतक्या वर्षांच्या माणसाला तोंड काय दाखवायचं?

"आणि पुण्याचं काय?" मी विचारलं.

"त्या जागेला काय धाड भरलीय? यादीत नाव लागलंय ना? मग ती पन जागा कुठं पळत नाय. गनपती झाले की जाऊ, नारळ ठेवू, सांगू, की पोरगी येत नाय."

मुलगी दारात उभी होती. तिनं शांतपणे सांगितलं, की पुण्याच्या जागेची खात्री परवापर्यंत मोबाईलवरून द्यावी लागते. नाही दिली, तर जागा पुढच्या मुलीला जाते.

यांना ते पटेचना. "नाव लागल्यावर दुसऱ्याला? अशी कशी देतील? लोक हायत का कोन!"

अख्ख्या देशातली मुलं ज्या पद्धतीनं कॉलेजात जातात, ती पद्धत आमच्या कारखान्यात येऊन खोटी पडली. मुलगी रडली. मोठ्यानं नाही, तिला मोठ्यानं रडता येत नाही. हातात पॉलिश पेपर घेऊन मूर्ती घासत राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी गालावरच्या प्लास्टरच्या भुकटीत मिसळून पांढरे ओघळ उमटले. मला इतका संताप आला, की मी सरळ घरात गेले आणि देव्हाऱ्यासमोरचा नारळ उचलून आणला.

"उठा," मी म्हणाले. "तुमचीच रीत ना? स्वतः जायचं, नारळ ठेवायचा, पाट परत आणायचा. चला रोह्याला."

हे माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्याच नियमानं त्यांना धरलं होतं, आता पळणार कुठं? शेवटी मूर्तीवर कपडा टाकला आणि टेम्पोची किल्ली घेतली. टेम्पोत मागं पेंढा होता तसाच होता. आम्ही तिघं पुढं दाटीवाटीनं बसलो, नारळ मुलीच्या मांडीवर.  नागोठण्याजवळ हे म्हणाले, "काय सांगू त्यांना? वाईट वाटंल मानसाला." आणि मग पूर्ण रस्ताभर ओठ हलवत काहीतरी जुळवत राहिले. मी ऐकलं. "शेठ, गैरसमज नसावा," इथून सुरुवात होत होती.

शेठचा बंगला कुंडलिका नदीच्या बाजूला. शेठ झोपाळ्यावर होते. उठून "या या" केलं. नारळ बघून खूश झाले. त्यांना वाटलं, आम्ही गणपतीच्याच कामाला आलोय. लगेच सुरू झाले, यंदा फेटा जरा मोठा करा, मागच्या वर्षी सुनेला लहान वाटला. हे मान हलवत होते. कपाळावर घाम. शेवटी त्यांनी सगळा धीर गोळा केला.

"शेठ, गैरसमज नसावा. पोरीच्या जागेचं बोलायचं व्हतं."

"कसल्या जागेचं?" शेठनी विचारलं.

"कॉलेजच्या. तुमी धरली व्हती ना... पाट दिला तेव्हा."

शेठनी आठवून बघितलं. खरंच प्रयत्न केला त्यांनी, मी बघत होते. मग हसले, "हां हां, असेल असेल. अहो, कितीतरी जण सांगतात, कोण लक्षात ठेवतो! ही का मुलगी? कितवीला आहे? पाठवा की. आर्ट्सला जागाच जागा आहेत आमच्याकडं. गणपतीनंतर आलात तरी चालेल. वर्ग भरत नाहीत हो हल्ली."

मोठ्या सौजन्यानं बोलले. पेढेही पुढं केले.

आमच्या यांचा चेहरा मी लग्नापासून बघतेय. धंद्यात खोट आली तेव्हा बघितलाय, पावसात कारखान्याचं छप्पर उडालं तेव्हा बघितलाय. असा कधी बघितला नव्हता. जो शब्द मोडायला लागू नये म्हणून हा माणूस स्वतःच्या पोरीला मोडायला निघाला होता, तो शब्द समोरच्याच्या घरी कधी पोचलाच नव्हता. यांनी नारळ टीपॉयवर ठेवला.

"परत घ्यायला आलो व्हतो," म्हणाले.

"काय परत?"

"काय नाय," हे म्हणाले. "फेटा मोठा करतो."

बाहेर येऊन टेम्पोत बसलो. मला वाटलं होतं, असा प्रसंग आला तर मी चार दिवस पुरेल एवढं बोलून घेईन. तोंडाशी आलेलं सगळं तयारही होतं. पण त्यांच्याकडं बघून काहीच बोलवेना. मुलीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. मग यांनी रस्त्याकडं बघतच विचारलं, "ते पुन्याचं कसं करायचं असतं?"

मुलीनं मोबाईल काढला. रेंज येईपर्यंत यांनी टेम्पो कडेला लावून ठेवला. तिनं काय काय भरलं, आम्ही दोघं बघत बसलो. पैसे गेले, हिरवी खूण आली.

"झालं?"

"झालं, पप्पा."

"कोनाशी बोललीस?"

"कुणाशी नाही. असंच असतं ते."

यांचा अजिबात विश्वास बसला नाही. जिथं नाव-गाव असलेला, चहा प्यालेला, पेढे देणारा माणूस विसरतो, तिथं ती हिरवी खूण काय लक्षात ठेवणार? पेण येईपर्यंत तीनदा विचारलं, "आता कोनाला देनार नायत ना?"

नणंदेला मी फोन केला. ती म्हणाली, "तिला सुकट भाजून देते मी डब्यात. पुन्यात काय मिळनार नाय." आणि लगेच फोन ठेवला. मला माहीत आहे ती का ठेवते असा फोन.

शेठचा गणपती यांनी नेहमीसारखाच केला. नेहमीपेक्षा बरा केला म्हटलं तरी चालेल. फेटा मोठा, सुनेच्या मापाचा. मी म्हणाले, कशाला एवढं? तर म्हणाले, "पाट लागलाय." डोळे आखायची वेळ आली तेव्हा माझ्या मनात फार होतं, जरासे तिरळे आखावेत. पण बाप्पाचा काय दोष, म्हणून सरळ आखले. भाभींना मुलीनं बाईंनी सांगितलेलं सगळं जाऊन सांगितलं आणि वकिलातीचा पत्ता लिहून दिला. भाभींच्या मुलानं अजून तो वापरलेला नाही. तो म्हणतो, वापरला तर नोकरी जाईल. तेव्हा प्रश्न सुटला, असं मी इथं लिहिणार नाही. मुलगी म्हणते, म्हणूनच शिकायला जातेय.

तिला पुण्याला सोडायचा दिवस आला तो ऐन घाईत. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, यांचं येणं शक्यच नव्हतं. मी आणि नणंद सोडायला निघणार होतो. बॅगा एसटीत टाकण्याआधी हे कारखान्यातून आले, हाताला रंग, आणि काखेत एक नवा कोरा पाट.

मुलीनं कपाळाला हात लावला. "पप्पा, हॉस्टेलला खुर्ची असते. पाटावर कोण बसतं?"

"बसायला नाय," हे म्हणाले. "जागा धरायला."

तिनं पाट उलटा केला. मागं तेलरंगात नाव लिहिलं होतं. आमच्याकडं पाटामागं घराण्याचं, कर्त्या पुरुषाचं नाव असतं. यांनी तिचं लिहिलं होतं, एकटीचं, ठळक. रंग अजून ओला होता, तिच्या बोटांना लागला. एसटीत सगळ्यांना धक्के देत तो पाट पुण्यापर्यंत गेला. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागायचं तेवढं बाकी ठेवलं. हॉस्टेलच्या बाईंनीही हे काय म्हणून विचारलं, तेव्हा नणंदेनं त्यांना रीत समजावून सांगितली, त्यांना जराही हवी नसताना.

मला खात्री होती, आठवड्यात तो कॉटखाली जाणार आणि दिवाळीला घरी परत येणार. दिवाळीला मुलगी आली. एक बॅग, बॅगेत मळके कपडे, आणि वाळली होती. मी चेहरा बघत होते. हे कारखान्यातून आले ते तिच्या हातांकडं बघत. अभ्यास कसा चाललाय, जेवण कसं असतं, कोण शिकवतं, काही विचारलं नाही.

"पाट कुठाय?"

"तिथंच ठेवलाय, पप्पा," ती म्हणाली.

हे "बरं" म्हणाले आणि हात धुवायला मागं गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.